राखेची नाव

नाव अजून झाडातच उभी होती, म्हंजे लाकूड सुदा चिरलं नव्हतं, अन् आमच्या इथले सारे बुवे, म्हंजे बापे मानसं, तिच्यात कोनी कोठी बसाचं यावरून भांडून राह्यले होते. मायबाई, काय सांगू तुमाले! मी भागीरथा, कवडू ढिवराची बायको. माझा आवाज मोठा हाये असं लोक म्हनते. असू दे. ज्या बाईले पंधरा दिवस सात बुवाईले एकच गोठ सांगा लागली, तिचा आवाज बारीक राहीन काय?

आमचं गाव हिंगणघाटाच्या खालच्या अंगाले, वेणेच्या काठावर. तिथं नदीचा मोठा डोह हाये, उन्हाळ्यात बी आटत नाई. आमी ढिवर लोक आजापंजापासून डोंग्यातून मासोळ्या धरत आलो. डोंगा म्हंजे एका झाडाचं खोड कोरून केलेला, लांब अन् अरुंद. समोर नवरा जाळं घेऊन उभा, मांगं बायको बांबू टेकत डोंगा ढकलते. बसाले फळी नाई, ढुंगनाखाली सदा पानी. आराम कशाले म्हनते ते डोंग्याले माहीत नाई. पन समोरचा मानूस हाताच्या अंतरावर राह्यते. मले तेवढंच पाह्यजे होतं.

नवं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या साली आमच्यात मच्छीमार सोसायटी निंगाली. डोह सोसायटीले भेटला. अन् ठरलं का आता डोंगे बंद. सोसायटी सागवानाची मोठी चपटी नाव बनवन, बारा हात लांब अन् चार हात रुंद, अन् यादीत ज्याले घेतलं त्यानंच पाळीपाळीनं तिच्यातून जाळं टाकाचं. आमचा डोंगा तसाही गेल्या पान्याळ्यात फाटला होता. म्हंजे यादीतून काढलं का आमची चूल बंद.

सोसायटीचे कागद बंडोपंत मास्तर लिहीत. शाळेचे मास्तर, सेलूकडचे. मानूस लय चांगला, कोनाचं वाईट चिंतनार नाई, पन गुडघ्याच्या वर पान्यात जन्मात गेला नाई. त्याईनं साऱ्याईले नियम वाचून दाखवले. सातवा नियम असा, का "शरीराने सुदृढ असलेल्या सभासदांनाच नावेवर घेण्यात येईल."

म्या मांगून इचारलं, "सुदृढ म्हंजे कसं, मास्तर?"

"म्हणजे धडधाकट हो, भागीरथाबाई. कसलाही आजार नसलेला."

 अन् कवडूले मिरगी हाये.

रोज येत नाई. कधी दोन महिने येत नाई, कधी एका हप्त्यात दोनदा येते. आधी त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप मुठीत जाते. मंग मान वाकडी होते अन् मंग मानूस झाड पडल्यावानी पडते. लग्नाच्या दुसऱ्या साली मले हे समजलं, अन् तवापासून मी त्या अंगठ्यावर नजर ठेवून जगून राह्यली. कोनाले सांगतलं नाई. सासूले मरेपर्यंत सांगतलं नाई. अन् ज्याले येते त्याले काहीच आठवत नाई, ही अजून एक गंमत! उठून बसला का पह्यले इचारते, "जाळं कोठी हाये?" अंग मुरगळलं, तोंडाले फेस, अन् याले जाळं पाह्यजे. म्या सांगतलं का तुले झटका आलता, तं म्हनते, "हट, डुलकी लागली असन."

कोनी म्हनन, असा मानूस पान्यावर नेते कायले? तं मंग कोठी नेऊ? चुलीजवळ पडला तं भाजते. विहिरीवर पडला तं आत जाते. वखरावर पडला तं बैल थांबनार हायेत काय? अन् आमाले वावरच नाई. पान्यावर तरी मी त्याच्या मांगं राह्यते, हात लांबवला का त्याचा करदोडा माझ्या मुठीत. आठ साल मी त्याले असाच वाचवला, करदोडा धरून. म्हनून नाव कशी होते, कोन कोठी बसते, याच्यावर माझा जीव टांगला होता. अन् हे बुवे! देवा रे देवा!

नाव बनवाचं काम महादेव मिस्त्रीले देलं. हा हिंगणघाटचा सुतार, बैलाच्या बंड्या अन् रेंग्या बनवनारा. त्यानं आल्या आल्या सांगतलं, "नाव काय अन् बंडी काय, एकीले चाक असते, एकीले नसते." झालं! तिथंच मी कपाळाले हात लावला.

मास्तरानं कोनत्या तरी पुस्तकातून समुद्राच्या नावेचं चित्र काढून आनलं होतं. मंधात जाळ्याची जागा, या काठापासून त्या काठापर्यंत. तिच्या मांगं बसाच्या फळ्या. फळ्याईवर छप्पर. "आराम आणि सुरक्षितता, दोन्ही साधलं पाहिजे," मास्तर म्हने. सोसायटीचे अध्यक्ष बापूराव, आमच्या ढिवराईतले मोठे. त्याईची कंबर दुखते, म्हनून त्याईले पाठ टेकाले फळी पाह्यजे होती. एकाले कंदील टांगाले खिळा पाह्यजे. एक म्हने पान-तंबाखूचा खन करा झाकनाचा. कोनी म्हने फळ्याईवर गोधडी ठोका, लाकूड टोचते. अरे, मासोळ्या धराले चालले का नवरीले पाह्याले चालले!

आता आमच्यात एक रीत हाये. जाळं कोनी ओलांडत नाई. बाईनं नाई, मानसानं नाई, कुत्रं सुदा गेलं तं जाळं धुऊन उदबत्ती लावते. जाळं म्हंजे आमची लक्षुमी. मी बी मानते, माझ्या मायनं तेच शिकवलं. डोंग्यात याची अडचन नव्हती, जाळं नवऱ्याच्या खांद्यावर राहे. पन या नव्या नावेत जाळं मंधात पसरनार, काठापासून काठापर्यंत. नवरा त्याच्या समोर, नाकावर. मी त्याच्या मांगं, सात हात दूर. मंधात लक्षुमी. अन् वरून छप्पर, म्हंजे अंगठा सुदा दिसनार नाई!

म्या म्हटलं, "एका अंगानं वाट ठेवा. समोर जाले. अन् नाकावर हातभर उंच काठ लावा. अन् छप्पर नोका करू, नाई पाह्यजे छप्पर."

"वाट कायले पाह्यजे?" बापूराव म्हने.

आता काय सांगू? खरं सांगतलं तं सातवा नियम. म्या म्हटलं, "समोर पानी आलं तं उपसा नाई लागन काय?"

मिस्त्री म्हने, "माह्या नावेत पानी येनारच नाई. डांबर लावन."

"जाळं गुतलं तं सोडवाले?"

"समोर जो उभा असन तो सोडवन," बापूराव म्हने.

"अन् वाट सोडली तं सारं वजन एका अंगाले येईन," मिस्त्री म्हने. "नाव कलंडन. बंडीचं बी असंच असते."

अन् याच्यावर कळस कोनाचा? माह्या नवऱ्याचा! कवडू तिथंच बिडी ओढत बसला होता. तो मुंडी हालवून म्हनते कसा, "बराबर हाये. वाट नाई पाह्यजे. जाळं मोकळं पसरलं तं गुतत नाई. अन् समोर काठ नोका लावू, जाळं टाकतानी हात अडते." बिडीचा धूर सोडला अन् माह्याकडे पाहून हसला. मले असं वाटलं का तिथंच त्याच्या डोक्यावर फळी आपटावी. ज्याच्यासाठी मी गावभर तोंड वाजवून राह्यली, तोच माह्या इरोधात!

घरी आल्यावर मी त्याले फैलावर घेतलं. "तुले समजते काय? तू समोर पडला तं मी कशी येऊ?"

"मी कायले पडू?"

"मिरगी आल्यावर मानूस पडते, कवडू!"

"दोन महिने झाले ना? गेली आता ते." अन् जेवाले बसला. दुसरी भाकर मांगतली. मी रडली का रागावली ते माह्यं मलेच समजलं नाई, पन भाकर त्याच्या ताटात अशी आपटली का दोन तुकडे झाले.

मंग मी मिस्त्रीकडे गेली. वाम मासोळीचा रस्सा घेऊन गेली, चांगला झनझनीत. मिस्त्रीनं रस्सा ओरपला, बोटं चाटली, डोळे पुसले अन् म्हने, "लय झ्याक. पन ताई, कागदावर असन तेच करीन मी." रस्स्याचं भांडं रिकामं घेऊन मी वापस आली.

मंग बापूरावाच्या मायकडे गेली. आनंदाबाई, सत्तरीची बुढी, पन बापूराव अजूनही तिच्या शब्दाबाहेर नाई. म्या म्हटलं, "बुढे, तुमी तरी सांगा तुमच्या लेकाले. वाट पाह्यजे." बुढी सुपारी फोडून राह्यली होती. अडकित्ता थांबवून माह्याकडे लय वेळ पाहत राह्यली. मंग इचारलं, "कवडू बरा हाये ना?"

"हाव! त्याले काय झालं?" मी असं झटकन म्हटलं का मलेच माह्यी लाज वाटली. बुढी पुन्हा सुपारी फोडाले लागली.

चैत सरत आला तरी कोनाचं एकमत होईना. मंग मास्तराईनं तोडगा काढला. नाव जमिनीवर काढाची, खऱ्या मापाची, अन् तिच्यात बसून पाह्याचं. प्रत्यक्ष आखणी, असं ते म्हनत. आखाले राख. अन् राख कोनं आनाची? बायाईनं! मतं त्याईची अन् राख आमची. मी दोन टोपल्या नेल्या.

बापूरावाच्या अंगनात नीमाखाली मिस्त्रीनं सुतळी धरून बारा हात लांब अन् चार हात रुंद माप घेतलं अन् राखेची रेघ ओढली. नाक काढलं, मांगची बाजू काढली. फळ्याईच्या जागी खरे पाट मांडले. बापूरावाच्या पाठीमांगं पोतं उभं केलं टेकाले. मंधात खरं जाळं पसरलं, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत. सकाळची वेळ होती, सात वाजले असन. नीमाच्या सावलीत सारे बुवे त्या राखेत मांडी घालून बसले अन् काय खुश झाले! "वा! लय आराम हाये." "पाय बी पसरते." जमिनीवर कोनी बुडते काय रे बाबांनो? जमिनीवर तं मले माह्या ओट्यावर बी आराम वाटते!

मास्तर वही घेऊन रेघेच्या बाहेर उभे होते. ते म्हने, "आता राखेच्या बाहेर सगळं पाणी समजायचं. कोणी बाहेर पाऊल टाकायचं नाही." तेवढ्यात एक कुत्रं राख हुंगत आत आलं अन् बाहेर पळालं. "बुडलं! बुडलं!" सारे खदाखदा हसले. बापूराव इतके हसले का पोतं पडलं.

कवडूले नाकावर उभं केलं, जाळं टाकाच्या जागी. मले मांगं उभं केलं, हाती बांबू देऊन. म्हंजे मी जमिनीवर बांबू टेकून राह्यली होती. अशी पाळी माह्यावर! कवडूनं खोटं खोटं जाळं टाकलं, हात फिरवून. लोक वा वा म्हने. त्यानं दुसऱ्यांदा हात वर केला, अन् म्या पाह्यलं. डावा अंगठा मुठीत गेला होता.

"कवडू!" मी वरडली. बांबू टाकला अन् धावली. चार पावलं गेली अन् समोर जाळं. माह्ये पाय थांबले. मी नाई थांबवले, ते आपोआपच थांबले, आजीच्या अन् मायच्या रीतीनं थांबले. तिकडे त्याची मान वाकडी झाली. बापूराव, मिस्त्री, सारे बसल्या जागी बसूनच, तोंड वासून. जाळ्यापलीकडे एकटा तो, अन् अलीकडे आमी सारे. मी डाव्या अंगाले वळली, रेघ ओलांडली, बाहेरून धावत गेली अन् नाकापाशी आत शिरली. तवापर्यंत तो पडला होता.

मांगून मास्तराचा आवाज आला, "अहो बाई, पाण्यात उतरलात तुम्ही!"

त्याईचं काही वाईट मनात नव्हतं. खेळाचा नियम तोंडात बसला होता, तो निंगाला.  मी कवडूले कुशीवर केलं, डोक्याखाली पदर ठेवला, हात धरून बसली. कोनी तरी जोडा हुंगवा म्हने, मी त्याच्याकडे असं पाह्यलं का तो गप झाला. जरा वेळानं अंग ढिलं पडलं. फेस पुसला. राख त्याच्या केसात, मिशीत, माह्या लुगड्याले, साऱ्याईकडे. अन् मी मनात म्हटलं, झालं. आता सातवा नियम. आठ साल झाकून ठेवलं ते साऱ्या गावासमोर राखेत पडलं.

कवडूनं डोळे उघडले. "जाळं कोठी हाये?"

"तुह्या बापानं नेलं!" मी रडत वरडली.

बापूराव उठले. कंबर धरून हळू हळू चालत आले, पन जाळ्यापाशी थांबले. तिथूनच म्हने, "पान्यात उतरली पोरगी. वेणेत उतरली असती तं पोचली असती काय?"  मंग ते मास्तराकडे वळले अन् खनखनीत आवाजात म्हने, "ऊन लागलं त्याले, मास्तर."

मी पाहतच राह्यली. सकाळचे सात, नीमाची गार सावली.

"हाव," मिस्त्री म्हने. "आज ऊन लय हाये."

"सकाळपासूनच तपून राह्यलं," अजून एक जन म्हने. आनंदाबाई दारात उभी होती, तिनं पदरानं वारा घ्याले सुरवात केली. त्या बुढीनं!

मास्तराईनं वर नीमाकडे पाह्यलं. मंग कवडूकडे, मंग माह्याकडे. चश्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. सातवा नियम त्याईनंच लिहिला होता, त्याईच्याच वहीत होता. मी हात जोडनार होती, पन हात कवडूच्या हातात होते. मास्तर खाली बसले, वही मांडीवर घेतली अन् लिहाले लागले. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं, "सभासद कवडू यांस ऊन लागले. नावेत नाकापर्यंत जाण्यास कायम वाट असावी. नाकास हातभर काठ असावा. छप्पर रद्द. सर्वानुमते मंजूर." मंग हळूच मले इचारलं, "वाट किती रुंद हवी, बाई?"

 मी नुसता पाय समोर केला. मिस्त्रीनं माह्या पावलाचं माप राखेत घेतलं अन् त्याच्या दुप्पट रेघ ओढली. वजनाचं काय, तं मासोळ्याची लाकडी पेटी मांगच्या बाजूले डाव्या अंगानं सरकवली, बराबरी झाली. पंधरा दिवस जे होत नव्हतं ते एका बिडीच्या वेळात झालं.

मंग मले राग आला. खरा राग तवा आला! मी आनंदाबाईकडे गेली. "बुढे, तुमाले माहीत होतं?"

"बारा साल झाले," बुढी म्हने. "हिंगणघाटच्या बजारात पडलता तो, तुह्यं लग्न व्हाच्या आधी. साऱ्याईले माहीत हाये. आमाले काय आंधळं समजली?"

"तं मंग पंधरा दिवस माह्यं रक्त काऊन आटवलं? वाट काऊन नाई देली?"

बापूराव डोकं खाजवत म्हने, "तू लपवून राह्यली होती ना. आमी तोंडानं कसं काढाचं? वाटलं, तुले बरं वाटनार नाई."

"पन वाट? मी वाट मांगून राह्यली होती!"

"तू म्हने पानी उपसाले पाह्यजे. पानी उपसाले कोनी वाट ठेवते काय?"

आता बोला! या मानसाईले काय करावं? साऱ्याईले मिरगी माहीत, साऱ्याईले नावेचं माप माहीत, पन दोन गोठी एकत्र जोडाले एकाचंही डोकं चाललं नाई. अन् मी, मी बी तेवढीच शहानी! आठ साल जे साऱ्याईले माहीत होतं तेच झाकत बसली. मी तिथंच बसून हसली, अन् हसता हसता इतकी रडली का बुढीनं मले पानी पाजलं.

पोळा झाला अन् नाव पान्यात गेली. मिस्त्रीनं काम चांगलं केलं होतं, खोटं कायले बोलू. बापूरावाच्या पाठीले फळी, कंदिलाले खिळा, अन् डाव्या अंगानं माह्यी वाट, दोन पावलं रुंद. नाकाले हातभर काठ. कवडू महिनाभर कुरकुर करत राह्यला का काठावर हात अडते. अडू दे.

पन वाट केली म्हनून वाट मोकळी राह्यते काय? नाई! दुसऱ्याच दिवशी बापूरावाची छत्री वाटेत. तिसऱ्या दिवशी टोपलं. मंग कोनाच्या वहाना, कोनाचं धोतर वाळत घातलेलं. रिकामी जागा दिसली का ठेव सामान! मी रोज वरडे. "वाट! वाटेतलं उचला!" टोपलं एकदा पान्यात फेकून बी देलं. लोक मले वाटवाली म्हनाले लागले. मांगून कजाग बी म्हनत, मले ऐकू येते. बापूराव म्हने, "भागीरथा, इतके दिवस झाले, काही झालं काय? उगीच घसा फोडते."

दिवाळीच्या अंगानं एक दिवस मोठं जाळं ओढाचं होतं. नावेत आमी चौघं. कवडू नाकावर, मी मांगं बांबूवर, अन् मंधात बापूराव अन् त्याचा भाऊ. पह्यली ओढ चांगली आली, मासोळ्या अन् शेवाळ यानं जाळं जड झालं होतं. त्या दोघाईनं ते ओलं जाळं ओढून आत टाकलं. कोठी टाकलं? जाळ्याच्या जागेत अर्धं अन् वाटेत अर्धं! मी तोंड उघडतच होती, का आता याईचा उद्धार करते, तेवढ्यात माही नजर समोर गेली. कवडूचा डावा अंगठा मुठीत गेला होता.

बांबू टाकला. धावली. एक पाऊल, दोन पावलं, अन् समोर जाळं. ओलं, वळवळनारं, काठापासून काठापर्यंत. माह्ये पाय पुन्हा थांबले, राखेत थांबले होते तसेच. पन या वेळी बाजूले राख नव्हती, डोह होता. कवडू काठावर वाकला, छाती काठाले अडकली, मुंडी पान्याकडे.

"बापूराव!" मी वरडली. एवढंच. काय कराचं ते सांगाले वेळ नव्हता.

अन् बापूरावानं, ज्याची कंबर सदा दुखते त्या मानसानं, दोन हातानं जाळं उचललं. भावानं दुसरी बाजू उचलली. मासोळ्यासकट, शेवाळासकट, सारं जाळं दोघाईनं डोक्यावर धरलं. मी खालून वाकून गेली. पानी डोक्यावर पडून राह्यलं होतं, एक मासोळी माह्या पाठीवर आपटली. करदोडा हाती लागला. सारा जोर लावून मांगं ओढला अन् त्याले घेऊन मी फळीवर बसली. काठ नसता तं तो तवाच गेला असता, अन् कितीही लांब हात केला असता तरी माह्या हाती लागला नसता. 

नाव आपोआप फिरत राह्यली. मी त्याले कुशीवर धरून बसली. किती वेळ गेला मले माहीत नाई. मंग त्याचं अंग ढिलं पडलं, डोळे उघडले, अन् त्यानं इचारलं, "जाळं कोठी हाये?"

म्या म्हटलं, "वर पाह्य."

आमी दोघाईनं वर पाह्यलं. बापूराव अन् त्याचा भाऊ अजून तसेच उभे होते, हात वर करून, जाळं डोक्यावर धरून. हात लटलट कापून राह्यले होते, मासोळ्या एक एक करून डोहात वापस पडत होत्या, दोघाईच्या तोंडावरून पानी गळत होतं. त्याईले कोनी खाली ठेवा म्हटलं नव्हतं, म्हनून त्याईनं ठेवलं नव्हतं.

"ठेवा आता खाली," मी म्हटलं.  "अन् वाटेत नोका ठेवू!"